नोईचा पाट

निर्मळच्या घराचं कुलूप उघडलं की आधी वास येतो तो केळीच्या वाळक्या पानांचा. घरात आता एकही पान नाही, तरी येतो. भिंतींनाच तो लागला असावा. परवा मी माणिकपूरहून सकाळीच रिक्षाने आले, खिडक्या उघडल्या, ओटा पुसला आणि स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या कपाटावरचा पाट खाली काढला. लाल-निळ्या चौकडीच्या सुती कापडात गुंडाळलेला, वर केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीची, दोरी. दोरीची गाठ आईंच्या हातची होती. ती सोडवायला मला उगाचच वेळ लागला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या श्रावणात त्या गेल्या. हा पाट त्यांनी गावातल्या सुताराकडून मुद्दाम करून घेतला होता, आणि तो कुणाचा हे आमच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा माझा नवरा, नरेश, जेवायला बसताना तो खाली ओढायला गेला तर आई चुलीपासून ओरडल्या, "तो नाय. तो नोईचा."

"अगं, पण ती थायलंडहून इथे येणार कधी?"

"येल तवा येल. पाट तयार पायजे."

नोई म्हणजे सुखोथाई नावाच्या गावात छोटं गेस्ट हाऊस चालवणारी बाई. एका जानेवारीत आम्ही दोघी, सासू आणि सून, तिच्याकडे राहिलो होतो. आणि आता नोई खरंच येणार होती, उद्या, या घरात, जेवायला. पाट होता, पाहुणी येत होती, वाढणारी तेवढी उरली नव्हती. मी पाट ओल्या फडक्याने पुसला आणि मागच्या दारी सावलीत वाळत ठेवला.

खरं तर थायलंडला आम्ही तिघं जाणार होतो. नरेशने स्वस्तातली तिकिटं कितीतरी आधी काढून ठेवली, आणि निघायच्या आठवड्यात त्याचीच रजा नाकारली गेली. "तुम्ही दोघी जाऊन या," तो म्हणाला. मी आईंकडे पाहिलं, आईंनी माझ्याकडे. तोवर आमचं बरं चाललं होतं, म्हणजे सोसायटीतल्या शेजारणीशी चालतं तसं. मी देशावरची, नोकरी करणारी, माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये राहणारी आणि रविवारी निर्मळला येणारी सून. त्या वाडीतल्या. त्या घरातल्या बायकांशी त्यांच्या बोलीत भराभरा बोलायच्या आणि माझ्याकडे वळल्या की एकदम सावकाश, शाळेतल्यासारखं मराठी बोलायच्या. ते सावकाश बोलणं मला टोचायचं. परकेपणा आवाजात किती पटकन कळतो.

रविवारचं जेवण हा आमच्याकडे सोहळाच. आधी पुरुष, मग मुलं, मग वाडीत कामाला आलेली माणसं, मग आम्ही बायका. आई सगळ्यात शेवटी. शेवटी म्हणजे बसूनही नाही. भाताच्या टोपातच उरलेलं कालवण ओतायचं, ओट्याला टेकून चार घास खायचे आणि तोच टोप घासायला टाकायचा. "बसा ना," मी सुरुवातीला म्हणायचे. "नको गो, माझं झालंच." कालवणावर तोवर साय धरलेली असायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घरात त्यांना गरम भात खाताना मी पाहिलं नाही.

तर अशा आम्ही दोघी विमानात बसलो. आईंच्या पिशवीत सुकेळ्यांची पुडकी होती. सुकेळी म्हणजे आमच्या वसईची वाळवलेली राजेळी केळी. भाताच्या पेंढ्यात पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करून पानांत झाकायची, पुन्हा सकाळी उन्हात. मधाच्या रंगाची झाली की वाळक्या पानात बांधायची, सोपाच्या दोरीने. थंडीच्या दिवसांत मागचं अंगण त्या वासाने जड व्हायचं, मधमाश्या मांडवावर घुटमळायच्या आणि आई हातात फडकं घेऊन त्यांच्याशी भांडत फिरायच्या. गावोगाव हे आता कुणी करत नाही. आई करायच्या, कारण त्यांच्या सासूने करून घेतलं होतं.

सुखोथाईला पोचलो ती कलती दुपार होती. योम नदीच्या काठाला लागून एक गल्ली, तिच्या टोकाला खांबांवर उभं असलेलं लाकडी घर. दारात चपलांची रांग. आईंनी ती रांग पाहिली आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "चपला बाहेर काढतात गो," त्या म्हणाल्या, अनोळखी मुलखात पहिला ओळखीचा माणूस भेटावा तशा. अंगणात गवती चहाचं बेट, कोळशाच्या शेगडीचा धूर, आणि कुठूनसा मासळीच्या आंबूस पाण्याचा वास. "अर्नाळ्याला उतरलो का काय?" असं म्हणत, आमच्याकडच्या कोळ्यांच्या बंदराची आठवण काढून त्या चक्क हसल्या.

घरातून नोई बाहेर आली. आमच्या खांद्याएवढी, केस बारीक कापलेले, कमरेला चौकडीचं कापड. तिच्याबरोबर तिची भाची प्लॉय. प्लॉयला कामापुरतं इंग्रजी येत होतं. तिने सांगितलं, नोई म्हणजे लहानगी, आणि गल्लीतले सगळे तिला पा नोई म्हणतात, पा म्हणजे मावशी. आईंना आणि नोईला एकमेकींची भाषा शून्य. दोघींनी हात जोडले. नमस्कार तेवढा दोन्हीकडे सारखा होता.

आईंनी पिशवी उघडून सुकेळ्याचं पुडकं पुढे केलं. नोईने दोरी सोडली, पान उलगडलं, वास घेतला आणि ती हसायलाच लागली. हसता हसता खाली बसली. मग आमचे हात धरून तिने आम्हांला घरामागे नेलं. तिथे बांबूच्या ताटल्यांवर, जाळीखाली, ओळीने वाळत घातलेली केळी. मैलोन् मैल उडून आम्ही केळीवालीकडे केळी घेऊन आलो होतो. आई क्षणभर ओशाळल्या, मग वाकून एक केळं बोटाने दाबून बघितलं. नोईकडे ती लाकडी फळीखाली दाबून चपटी करतात. "दाबतात कशाला?" आई मला म्हणाल्या, "जीव गुदमरल त्याचा." प्लॉयने विचारलं, आई काय म्हणतायत? मी म्हणाले, छान आहेत म्हणतायत.

पहिल्या संध्याकाळी घोटाळा झाला तो जेवताना. नोईकडे सगळे एकाच चटईवर गोल बसायचे, राहायला आलेले, घरचे, शेजारची म्हातारी, सगळे. मधे भात, भाज्या, नदीचा मासा. नोईने आईंना खांदे धरून बसवलं. "नांग, नांग," म्हणाली. नांग म्हणजे बस. आई अवघडून बसल्या. नोईने डाव पुढे केला तशा आई म्हणाल्या, "नको, नको." नोईने मान हलवली आणि डाव मागे घेतला. भाजी आली, "नको, नको." तीही गेली. मासा आला, गेला. मी समोरच्या बाजूला होते, माझ्या लक्षात आलं नाही. मच्छरदाणीत शिरल्यावर आईंच्या पोटातला आवाज मला ऐकू आला.

"तुम्ही जेवला नाहीत?"

"एकदाच विचारतात गो," आई छताकडे बघत म्हणाल्या. "एकदाच. मग उचलून नेतात."

मी हसले ते इतकं की गादी हलायला लागली, आणि त्याही हसल्या. आपल्याकडे पहिलं नको हे तोंडदेखलं, दुसरं लाजेचं, तिसऱ्या वेळी खरं काय ते. हा हिशेब वसईपासून इस्लामपूरपर्यंत सगळ्यांना पाठ. पण नोईला कोण सांगणार? त्या अंधारात आम्ही दोघींनी सुकेळ्याचं एक पुडकं उघडलं आणि संपवलं. लग्नानंतर आईंच्या शेजारी बसून मी काही खाल्लं असेल तर ते पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी प्लॉयकडून नोईला सगळं सांगितलं. नोईने मन लावून ऐकलं. जेवताना तिने आईंपुढे डाव धरला आणि एक बोट वर केलं. "नको?" आई लाजल्या, "नको." दोन बोटं. "नको?" आईंनी पदर तोंडाला लावला. तीन बोटं. "नकोऽऽ?" सगळी चटई आईंच्या तोंडाकडे बघत होती. "हो," आई म्हणाल्या. चटईवर टाळ्या पडल्या. पुढे रोज तोच खेळ. जर्मनीहून आलेला एक उंच मुलगाही नको म्हणायला शिकला आणि त्यालाही तीनदा विचारलं जायला लागलं.

पहाटे नोई दारात गुडघे टेकून बसायची आणि अनवाणी येणाऱ्या भिक्खूंच्या पात्रात भात घालायची. आई पायरीवर हात जोडून उभ्या राहायच्या. मग झाडू कुणी घ्यायचा यावरून दोघींची ओढाताण. आई आधी उठून अंगण झाडायला घेत, नोई धावत येऊन झाडू हिसकावे, "नांग!" आई बसत, नोई आत गेली की पुन्हा उठत. शेवटी नोईने झाडू शेजारणीकडे ठेवून दिला. आई बिचाऱ्या गवती चहाच्या बेटाशी हात मांडीवर ठेवून बसल्या. रिकाम्या हातांचं करायचं काय हे त्यांना कळेना. दोन दिवसांनी कळलं. हातात चहाचा पेला धरून त्या नदीकडे बघायला लागल्या. होडी गेली की सांगायच्या, "होडी गेली."

दुपारी दोघी बांबूच्या ताटल्यांशी. नोई चपटी करायची, आई अख्खी ठेवायच्या, दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींना कळायचं. मी पायरीवर पडून ते ऐकायचे. आई तिथे माझ्याशीही त्यांच्या बोलीत बोलायला लागल्या होत्या, भराभरा. मला अर्धं कळायचं आणि बाकीचं कळल्यासारखं वाटायचं. एका संध्याकाळी बाजारात नोईने हट्टाने आईंना हत्तीच्या चित्रांचा ढगळ पायजमा घ्यायला लावला. तो घालून त्या नदीकाठी फिरल्या. "निर्मळच्या तळ्यावर असं फिरले तर जत्रा भरल," असं म्हणाल्या आणि परत येताना माझ्या हातात हात घालून आल्या.

मच्छरदाणीत आम्ही बोलायचो. दिवसा बोलता येत नाही ते. आई लवकर आईविना झाल्या, माहेरी भावजयांचं राज्य, त्यामुळे माहेरपण असं त्यांना मिळालंच नाही. "हितं आल्यासारखं वाटतंय," त्या एकदा म्हणाल्या. "माहेरी." बाहेर पाल टोके-टोके ओरडत होती. मग त्या म्हणाल्या, "पण त्या नोईकडे बघितलंस? ती बसते का कधी? सगळ्यांना नांग नांग करते, आपण उभीच. तिला कुणी वाढत नाय गो. मना एकदा तिला माझ्या घरी बसवायचंय. पाटावर. गरम गरम वाढायचंय."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी हे नोईला सांगितलं, माझ्या आणि प्लॉयच्या तोंडून. नोई आधी हसली, मग तिने विचारलं, तुमच्या गावाजवळ बुद्धाचं काही आहे का? मरण्याआधी बुद्धाच्या देशात जायचं असं तिच्या मनात होतं. आईंना एकदम आठवलं. सोपाऱ्याचा बुरुड राजाचा कोट! लहानपणी तिथे खेळलेल्या, ते मातीचं उंच टेकाड बुद्धाच्या स्तूपाचं आहे हे त्यांना मागाहून कळलेलं. "हाय ना! आमच्या घरापासनं रिक्षाने जाता येतं." नोईने आपल्या कमरेचं चौकडीचं कापड सोडलं, घडी केली आणि आईंच्या हातात ठेवलं. ती त्यांना पी म्हणायला लागली होती. पी म्हणजे थोरली बहीण.

मुंबईला विमान उतरायच्या आधी आई उठून गेल्या आणि हत्तीचा पायजमा बदलून, साडी नेसून, पिना लावून आल्या. केस चापून बसवलेले. शेजारी बसल्या, पट्टा बांधला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चल, आता सासू व्हायला पायजे."

मी हसले. ती थट्टा होती असं मला वाटलं.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी आधी पुरुष, मग मुलं, मग वाडीतली माणसं. आई ओट्याला टेकून. मी म्हणाले, "आई, नांग." त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, पण मागे दिराची बायको उभी होती, आतेसासूबाई होत्या. "नको गो, माझं झालंच," त्या म्हणाल्या, सावकाश, शाळेतल्या मराठीत. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. घराची घडीच तशी होती, आणि आम्ही दोघी आपापल्या जागी मुकाट्याने बसत गेलो. नांग हा शब्द मात्र घरात राहिला. आई तो मांजराला म्हणायच्या.

पाट त्याच उन्हाळ्यात झाला. सुताराला त्यांनी दोनदा परत पाठवलं, कडा गुळगुळीत नाहीत म्हणून. वर्षातून एकदा, त्यांच्या नव्या वर्षाला, प्लॉय फोन लावायची. पडद्यावर इकडे आई, तिकडे नोई. इकडून सुकेळं दाखवायचं, तिकडून चपटं केळं. दोघी एकाच वेळी बोलायच्या आणि कुणीच कुणाचं ऐकायचं नाही. शेवटी आई पाट उचलून पडद्यासमोर धरायच्या आणि त्यावर थोपटून म्हणायच्या, "नांग! नांग!"

मग ती सगळी दारं बंद व्हायची वर्षं आली. नोईचं गेस्ट हाऊस बंद पडलं ते उघडलंच नाही. लाकडी घर विकलं गेलं, नोई प्लॉयकडे राहायला गेली. गवती चहाचं बेट कुणी ठेवलं असेल का, असं आई मधूनच विचारायच्या. इकडे विहिरीचं पाणी मचूळ होत चाललेलं, राजेळीला लोंगर, म्हणजे घड, पूर्वीसारखे धरेनात. एके वर्षी मांडव निम्माच भरला, पुढच्या वर्षी घातलाच नाही. आईंचे गुडघे धरले होते. एका दिवाळीत मी म्हटलं, "आई, जाऊ या का परत? नोईकडे? आपण दोघीच."

"नको गो," त्या म्हणाल्या. "गुडघे बघ माझे."

मी बरं म्हणाले आणि करंज्या तळायला घेतल्या.

शेवटच्या आजारपणात त्यांना माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये आणलं. खिडकीतून समोरची इमारत दिसायची. होडी गेली असं सांगण्यासारखं तिथे काही नव्हतं. मी त्यांना भरवायचे, आणि दोन घासांनंतर त्या तोंड फिरवायच्या. नको. मी वाटी खाली ठेवायचे. रजेचे दिवस संपत आलेले, औषधांच्या वेळा, फोन. श्रावणातल्या एका सकाळी, उन्हाची तिरीप खिडकीत आलेली असताना, त्या गेल्या. प्लॉयला मी दोन ओळी लिहून कळवलं. तिचं उत्तर आलं, पा नोई रडतेय, पण ती विचारते आहे, पाट आहे ना?

आणि काल ती आली. यात्रेकरूंच्या गटाबरोबर बोधगया, सारनाथ करून मुंबईला, तिथून एका सकाळपुरती सोपाऱ्याला. मी कोटाशी जाऊन उभी होते. पांढऱ्या कपड्यांतली माणसं स्तूपाभोवती फिरत होती. त्यांत सगळ्यात मागे, काठी टेकत, प्लॉयचा हात धरून नोई. आणखीच लहान झालेली. तिने मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, रिकाम्या जागेकडे. मग हात जोडले.

यात्रेत असताना व्रत म्हणून ती दुपारच्या आतच जेवत होती, त्यामुळे आम्ही रिक्षाने लगोलग निर्मळला आलो. दारात तिने चपला काढल्या आणि माझ्या चपलांशेजारी नीट ठेवल्या. मी पहाटेपासून रांधलं होतं, केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या. भात मुद्दाम आल्यावर टाकला, गरम असावा म्हणून. स्वयंपाकघरात पाट मांडला, समोर केळीचं पान. आईंनी सांगितल्याप्रमाणे, ओट्याकडे पाठ आणि मागच्या दाराकडे तोंड, म्हणजे वारा लागतो.

नोईने कापड ओळखलं. घडी करून मी ते खिडकीत ठेवलं होतं. तिने ते गालाला लावलं, मग पाटाकडे वळली आणि थांबली. प्लॉयने तिला धरलं, तिने एक पाय वाकवून बघितला, दुसरा बघितला. गुडघे वाकेनात. पाटाएवढं खाली बसणं आता तिला जमण्यासारखं नव्हतं. इतकी वर्षं पाट तयार होता, आणि जिच्यासाठी तो होता तिचे गुडघेही तोवर आईंच्याच वाटेने गेले होते. मला रडूच आलं. शेवटी बाहेरच्या खोलीतली प्लास्टिकची खुर्ची आणली, स्टुलावर पान मांडलं. नोईचे पाय खुर्चीवरून जमिनीला पोचत नव्हते. मी पाट तिच्या पायांखाली सरकवला. तिने झटकन पाय वर घेतले, जणू मी देवघर सरकवलं होतं. पूर्ण जेवण तिने पाय अधांतरी ठेवून केलं.

मी वाढत होते. तिने सगळं खाल्लं, बोटं चाटून. शेवटी मी माणिकपूरहून आणलेला डबा उघडला. आईंनी घातलेल्या शेवटच्या मांडवातलं एक पुडकं मी जपून ठेवलं होतं. सुकेळी काळसर झाली होती, पण वास तोच. नोईने एक घेतलं, अर्धं खाल्लं आणि अर्धं हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी ओट्याला टेकून उभी होते. हातात भाताचा टोप. त्यातच बिरडं ओतून दोन घास खाऊन घ्यावेत, मग त्यांना पोचवायला निघावं, असा मी विचार करत होते.

नोई खुर्चीतून उठली. काठी न घेता, ओट्याला धरत माझ्यापर्यंत आली. माझ्या हातातला टोप काढून घेतला. हनुवटीने पाटाकडे दाखवलं.

"नांग."

"नको, मी नंतर बसते. तुम्हांला उशीर होईल." मी हे प्लॉयला इंग्रजीत म्हणाले. प्लॉयने सांगितलंच नाही. नोईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबला, आणि मी त्या पाटावर बसले. आजवर कुणीच बसलं नव्हतं त्या पाटावर. प्लॉयने माझ्यापुढे पान मांडलं. नोईने अर्धं सुकेळं माझ्या पानाच्या कडेला ठेवलं. मग एका हाताने खुर्चीची पाठ धरून, गुडघ्यांवर ताण देत ती वाकली. भाताचा डाव पुढे आला.

"नको," मी म्हणाले. सवयीने.

तिने एक बोट वर केलं. "नको?"

मी नकाराची मान हलवली.

दोन बोटं. "नको?"

तिसऱ्यांदा विचारायचं असतं, हे तिला आमच्याच घरातल्या बाईमुळे कळलं होतं. परक्या देशातली, आमच्या भाषेतले दोन शब्दही धड न येणारी ही म्हातारी ते विसरली नव्हती. आम्ही जन्मापासून तो हिशेब पाठ असलेली माणसं, आणि आईंना मात्र आम्ही आयुष्यभर एकदाच विचारत आलो. बसता का? नको. जाऊ या का? नको. अजून एक घास? नको. आणि वाटी खाली ठेवली.

नोईने तीन बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरली होती.

"हो," मी म्हणाले.

तिने वाढलं. भात अजून गरम होता.